समांतर कादंबरीचे वाचन : ‘एंडर्स गेम’ आणि ‘एंडर्स शॅडो’

ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’ ही विज्ञान कादंबरी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार तिला लाभले. १९९९ मध्ये आलेली त्यांची ‘एंडर्स शॅडो’ ही कथा पुढे नेत नाही. बराचसा तोच घटनाक्रम बीन या दुय्यम पात्राच्या दृष्टिकोनातून पुन्हा मांडते. म्हणून तिला उत्तरकथा न म्हणता समांतर कादंबरी म्हणणे योग्य ठरते.

अशा पुनर्कथनापुढील मुख्य अडचण शेवटाची असते. एंडर ज्याला सराव समजतो ते प्रत्यक्ष युद्ध असते व त्यात परग्रहवासीयांचा संहार होतो, हे रहस्य वाचकास आधीच ठाऊक असते. कार्ड त्याच रहस्याचा निराळा उपयोग करतात. रॉटरडॅमच्या रस्त्यांवर उपासमारीत वाढलेला बीन हे सत्य स्वतःच ओळखतो. परंतु एंडरला ते कळू देत नाही. परिणामी ‘पुढे काय होणार?’ या प्रश्नाची जागा ‘कोणाला ठाऊक होते आणि तो गप्प का राहिला?’ हा प्रश्न घेतो. एंडरचे कृत्य अजाणतेपणी घडते, तर बीनचे मौन जाणीवपूर्वक असते.

या मांडणीत एक धोकाही आहे. बीनची बुद्धिमत्ता ठसविताना एंडरचे कर्तृत्व काहीसे झाकोळते आणि मूळ कादंबरीवर प्रेम करणारा वाचक दुखावू शकतो. तथापि, जाणून गप्प राहणाऱ्याची जबाबदारी किती, हा मूळ कृतीत दबलेला प्रश्न येथे ऐरणीवर येतो. हेच या पुनर्वाचनाचे फलित होय.