तारेची घंटा कीं बिनतारी?

मे महिन्याची सुटी लागली कीं, मुंबई-पुण्यांतील पुष्कळ बिऱ्हाडांना कुलुपें लागतात. मंडळी कोंकणांत उतरतात. परंतु पानावर आंबरस वाढतांनाहि गृहिणीचें अर्धें लक्ष मागें राहिलेल्या दाराकडे असतें. पूर्वीं शेजारीं किल्ली ठेवली म्हणजे भागत असे. आतां शेजारीहि सुटीला गेलेले असतात. मग दाराला धोक्याची घंटा बसविण्याचा विचार निघतो, आणि दुकानांत पहिलाच प्रश्न पुढें येतो : घंटा तारेची घ्यावी कीं बिनतारी?

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ऑगस्टस पोप यांनीं १८५३ सालीं विजेवर वाजणाऱ्या अशा घंटेचें पेटंट घेतलें. एड्विन होम्स यांनीं १८५७ मध्यें त्याचे हक्क विकत घेतले आणि घंटेचा व्यापार वाढविला. पोप यांच्या घंटेंत दार उघडलें म्हणजे विजेचें मंडळ पूर्ण होई व घंटा वाजे. अशा रचनेंत एक उणीव राहते : आधींच तार कापली, तर घंटा मुकी होते.

आजच्या तारेच्या घंटेंत हीच गोष्ट उलटी केलेली असते. चौकटीवर एका कांचेच्या नळींत लोखंड-निकेलच्या मिश्रधातूच्या दोन बारीक पात्या असतात आणि दाराच्या फळीवर लोहचुंबक असतो. दार मिटलेलें असतां चुंबकामुळें पात्या एकमेकींस चिकटतात व मंडळांतून प्रवाह वाहत राहतो. दार उघडलें कीं चुंबक दूर जातो, पात्या सुटतात, प्रवाह खंडित होतो आणि मुख्य पेटी घंटा वाजविते. तार कापली तरी प्रवाह तुटतोच; म्हणजे कापणाराच घंटेला जागें करतो. शिवाय सर्व सेन्सरांना वीज मुख्य पेटींतून मिळते. त्या पेटींत बॅटरी असली कीं दिवे गेले तरी पहारा कांहीं तास चालू राहतो.

पण तारेलाहि तिचीं दुखणीं आहेत. भिंती खोदाव्या लागतात, नाहीं तर पट्ट्या ठोकून रंग बिघडवावा लागतो. उंदीर तार कुरतडतात. वळिवाच्या पावसांत जवळपास वीज कोसळली, तर लांब तारेंतून आलेला धक्का पेटी जाळूं शकतो.

बिनतारी घंटेंत प्रत्येक सेन्सर हें एक लहानसें प्रक्षेपणकेंद्रच असतें. दार उघडतांच तें रेडिओ-लहरींवरून पेटीला संकेत पाठवितें. पुष्कळ उपकरणें ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. भिंत फोडावी लागत नाहीं. बिऱ्हाड बदललें तर घंटाहि सामानाबरोबर नेतां येते. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांना ही सोय मोठीच आहे.

मात्र सोयीचें मोल द्यावें लागतें. प्रत्येक सेन्सरला निराळी बॅटरी लागते, आणि ती संपली कीं तें दार उघडें पडल्यासारखेंच. सळयांच्या जाड काँक्रीटमधून जातांना लहरी क्षीण होतात. त्याच लहरींवर कोणी मुद्दाम गोंगाट केला, तर संकेत बुडतो. स्वस्त उपकरणांत सेन्सर नुसता ओरडतो. पेटीनें ऐकलें कीं नाहीं हें त्याला कळत नाहीं. चांगल्या उपकरणांत पेटी पोंच देते, सेन्सर ठराविक वेळानें आपली हजेरी लावितो, हजेरी चुकली कीं पेटी सूचना देते, आणि संकेताची खूण दर वेळीं बदलते. दुकानदाराला किंमतीच्या आधीं विचारावयाचें तें हें.

तेव्हां निवड घर पाहूनच करावी. स्वतःचें घर बांधलें जात असेल किंवा दुरुस्तीसाठीं गिलावा निघालाच असेल, तर त्याच वेळीं तारा घालून घ्याव्या; पुढें वर्षानुवर्षें बॅटऱ्यांची यातायात राहत नाहीं. राहत्या किंवा भाड्याच्या घराला बिनतारी बरी. दोन्हींची जोड देणाऱ्या पेट्याहि मिळतात : मुख्य दाराला तार, आणि जेथें तार पोंचत नाहीं त्या खिडकीला बिनतारी सेन्सर.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. घंटा चोराला धरीत नाहीं. ती फक्त हांक मारते. मांजराच्या चालीनें किंवा सैल दाराच्या हादऱ्यानें ती चारदां उगीच वाजली, कीं पांचव्या वेळीं कोणी उठत नाहीं, आणि घरधनी स्वतःच ती बंद करून ठेवतो. म्हणून महिन्यांतून एकदां प्रत्येक दार उघडून ती पाहावी, गांवास जाण्यापूर्वीं तर अवश्य पाहावी. आणि ती वाजली तर कोणी यावें, ११२ क्रमांकावर पोलिसांना कोणी कळवावें, हें शेजाऱ्यांशीं आधींच ठरवून ठेवावें. तार असो वा नसो, ती हांक ऐकणारें माणूस जवळ असलें, तरच घराची राखण होते.