बैलाचा बाप कोण?

तीन जर्मन एकत्र आले की संघटना काढतात, असं इथे गमतीनं म्हणतात. कायद्याला मात्र सात लागतात. सात सभासद, एक घटना, एक अध्यक्ष आणि स्थानिक कोर्टाच्या नोंदवहीत नाव, झालं काम. गाणाऱ्यांची, कबुतरं पाळणाऱ्यांची, जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची अशा संघटना गावोगाव आहेत. माझ्या वाट्याला गायींची आली. मी श्टुटगार्टजवळ राहतो, पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो आणि गेली तीन वर्षं गायींच्या एका लहानशा जातीच्या संघटनेत नोंदींचं काम बघतो. ही जात पाळतात ती मांसासाठी. आटपाडीकडच्या माणसाला हे लिहिताना जरा अवघड जातं, पण त्यावर पुढे येतोच.

जातीची नोंद म्हणजे काय चीज असते, हे मला आमच्या शेजारच्या टापूतल्या लिम्पुर्गर गायीमुळे कळलं. श्वेबिश हाल, गाइलडॉर्फ या भागातली ही पिवळसर-तांबूस गाय. नांगराला, दुधाला, मांसाला, तिन्हींना चालणारी. अठराव्या शतकात या होहेनलोह मुलखातले शेतकरी बैल पुष्ट करून थेट पॅरिसच्या बाजारापर्यंत हाकत नेत. मग ट्रॅक्टर आला, जास्त दुधाची फ्लेकफी जात आली, आणि १९६०च्या दशकात लिम्पुर्गरवाल्यांची संघटना बंद पडली. नोंद थांबली आणि जात नामशेष झाली असं सगळे धरून चालले. पण गायी होत्या! १९८०च्या दशकात काही लोकांनी गोठे पालथे घातले, तेव्हा त्या जुन्या रक्ताची थोडी जनावरं सापडली आणि १९८७मध्ये पुन्हा संघटना उभी राहिली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं जनावर चरत होतं, फक्त कागदावर मेलेलं होतं. आज ही गाय काही शेकड्यांत आहे आणि तिच्या बैलाच्या मांसाला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे.

इथे सरकारी नोंद वेगळी आणि जातीची वेगळी. सरकारी नोंद कडक. वासराच्या दोन्ही कानांत सात दिवसांत बिल्ला मारायचा आणि जन्म केंद्रीय डेटाबेसमध्ये कळवायचा. ही व्यवस्था १९९९पासून आहे, मॅड काऊच्या भीतीतून आलेली. त्यात वासराची आई लागते, बाप दिला नाही तरी चालतं. बाप सांगते ती जातीची वही, म्हणजे हर्डबुक. इंग्लंडात जॉर्ज कोट्सनं १८२२मध्ये शॉर्टहॉर्न जातीची वही छापली, तेव्हापासूनची ही पद्धत. आपली ओंगोल गाय ब्राझीलमध्ये जाऊन ‘नेलोर’ झाली, तर तिथेही १९३८पासून झेबू जातींचं हर्डबुक आहे.

आता आमची वही. मी हात घातला तेव्हा एकच वळू तीन स्पेलिंगनी तीन वळू झालेला. एका गायीची दोन वेतं पाच महिन्यांच्या अंतरानं. गाय नऊ महिने गाभण असते हे डेटाबेसला कोणी सांगितलंच नव्हतं. एक कालवड स्वतः दहा महिन्यांची असताना व्यायलेली. असलं सगळं प्रोग्राम लिहून पकडता येतं, दोन-तीन शनिवार-रविवारांचं काम. त्याचं मला कौतुक नाही.

खरी अडचण कुरणात असते. इथे बऱ्याच ठिकाणी वळू कळपात सोडतात. शेजारचा वळू कुंपण ओलांडून आला तर? एका कुरणात दोन वळू असले तर? शेतकरी आपला जो नावाजलेला वळू असेल त्याचंच नाव लिहितो. खोटं बोलायचं म्हणून नाही, तसंच असेल असं त्याला मनापासून वाटतं. शिवाय वासरू मेलेलं जन्मलं, गाय अडली, ओढून काढावं लागलं, हे कोणी लिहीत नाही, कारण मग त्या वळूची पोरं विकताना भाव पडतो. आणि वही उघडायची ती नेमकी हेच बघायला.

आमच्या अध्यक्षबाई साठीच्या पुढच्या, स्वतः गायी पाळणाऱ्या. नाव छापू नकोस असं त्यांनी बजावलंय. कानाला बिल्ला मारतानाच कातडीचा बारीक तुकडा निघेल असे बिल्ले इथे २०११पासून बीव्हीडी रोगाच्या तपासणीसाठी आले. त्याच तुकड्यातून डीएनए काढून बाप ताडता येतो. बाईंनी सभेत ठराव मांडला की वळू म्हणून विकायच्या प्रत्येक खोंडाचा बाप तपासायचा. सभा गप्प. खर्च कोण करणार, आमच्यावर विश्वास नाही का, असं सुरू झालं. बाईंनी वाद घातला नाही. स्वतःच्या गोठ्यातले सगळे नमुने आधी पाठवले. त्यांच्या दोन खोंडांचे बाप निराळे निघाले, त्यातला एक आधीच चांगल्या भावानं विकलेला. त्यांनी घेणाऱ्याला फोन केला, फरकाचे पैसे परत केले आणि पुढच्या सभेत हे सगळं इतिवृत्तात घालायला लावलं. मला म्हणाल्या, “तू तुझे नियम नंतर टाक. आधी लोकांची भीती जाऊ दे.” त्या वर्षी निम्म्याहून जास्त सभासदांनी नमुने पाठवले. माझ्या मते त्या एका इतिवृत्तानं वही जितकी सुधारली तितकी माझ्या कोडनं सुधारलेली नाही.

बापाची एवढी काळजी का, त्याचं एक गणित आहे. समजा, एका जातीत ३०० गायी आणि ८ वळू आहेत. रक्ताच्या हिशोबानं हा कळप ३०८चा नसतो. चार गुणिले वळू गुणिले गायी, भागिले दोघांची बेरीज, असं केलं तर येतात फक्त ३१. गायी दुप्पट, म्हणजे ६०० केल्या तरी आकडा ३२च्या आतच राहतो. त्याऐवजी वळू ८चे १२ केले तर तो ४६वर जातो. पण हे बारा वळू खरोखर बारा घरचे हवेत. त्यातले पाच एकाच बापाचे असतील आणि वहीत ते दिसत नसेल, तर गणितही खोटं आणि वासरंही कमजोर.

मांसाचं म्हणाल तर, ‘खाल तर टिकेल’ हे इथल्या दुर्मिळ जातींच्या लोकांचं उघड धोरण आहे. मी खात नाही, सभेच्या जेवणात बटाट्याच्या सॅलडवर भागवतो. पण ज्या जनावराला गिऱ्हाईक नाही त्याला कोणी नुसत्या प्रेमानं चारा घालत नाही, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. आपल्याकडे खिल्लारचं काय झालं? ट्रॅक्टरनं बैलाचं काम गेलं. बैलगाडा शर्यतींवर २०१४मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली, २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, आणि खोंडांना पुन्हा मागणी आली. खरसुंडीच्या, पुसेगावच्या जत्रेत लोक पैसे घेऊन उभे असतात. पण वंशावळ तोंडी. सरकारी पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर आमच्याही गायींच्या कानात आहे. गाय गावच्या वळूनं भरवली, तर त्या नंबरामागे वासराचा बाप कोणी लिहीत नाही.

मी आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आरं, बैल काय कागद बघून घेत्यात व्हय? खूर बघावं, वशिंड बघावं, चाल बघावी.” आप्पांची नजर चुकत नाही हे मला माहीत आहे. मी फक्त विचारलं, आपल्या घरी हेळवी येतो, बैलावर बसून येतो, आपल्या सात पिढ्या घडाघडा सांगतो, मग तो बसतो त्या बैलाचा बाप कोण? आप्पा बराच वेळ हसले.

पुढच्या रविवारी त्यांचाच फोन आला. दावणीला होऊन गेलेल्या गायी आठवतील तशा सांगत गेले आणि मी एक्सेलमध्ये भरत गेलो. कपिली, कपिलीची हरणी, हरणीची पाखरी, कोण कितव्या वेताची, कुठल्या जत्रेत आणलेली, सगळं पाठ. मधेच आईनं मागून एक नाव दुरुस्त केलं. अकरा गायी झाल्या. वळूच्या रकान्यात चार नावं भरली. बाकी सात ठिकाणी आप्पांचं उत्तर एकच, “गावचाच आसंल कुठला तरी. थांब, गणपानानाला इचारून सांगतो.”