खाड्याचं गणित

शिवभोजन केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या आल्या आणि चर्चा नेहमीप्रमाणे तिजोरी आणि लोकप्रिय योजनांवर घसरली. थाळीच्या रांगेत मजूर असतात, रिक्षावाले असतात, रुग्णांचे नातेवाईक असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच रांगेत पाठीला सॅक लावून उभी असलेली पोरं मात्र कोणी हिशेबात धरत नाही. १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. विशीतल्या पोराचं एवढ्यात पोट भरत नाही, पण दुपार निघून जाते.

परवडलं तर मेस. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, एमपीएससीची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणाऱ्या पोरांना दोन वेळचं जेवण महिन्याला तीन-चार हजारांना पडतं. पैसे आगाऊ. रश्श्यात बटाटा शोधण्याचे विनोद आता जुने झाले. मेसमधली खरी भानगड आहे खाड्याची. न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते व्हायचे तर बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस गैरहजर राहावं लागतं, आणि तेही आधी सांगून. म्हणजे शनिवारी सकाळी गावी जाऊन सोमवारी परतणाऱ्याच्या चार-पाच जेवणांवर पाणी. चौथा दिवस भरावा म्हणून गावाकडचा मुक्काम वाढवणारी पोरंही आहेत. लेक्चर बुडालं तर बुडालं.

यात मेसवाल्या काकूंना खलनायिका करण्यात अर्थ नाही. कणीक सकाळीच भिजते, भाजी आदल्या दिवशी येते. ऐनवेळी दहा ताटं कमी झाली तर ते अन्न आणि पैसे दोन्ही त्यांच्याच अंगावर येतात. त्यांचा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याचे दर बहुधा दर महिन्याच्या १ तारखेला हलतात. पोरांचा दर मात्र जूनमध्ये एकदा ठरला की ठरला. मध्येच शंभर रुपये वाढवले तर पोरं पुढच्या गल्लीतल्या मेसला. मग काटकसर होते ती डाळीत. पोळ्या कमी केल्या तर बोंब होते, वरण पातळ केलं तर कोणी बोलत नाही.

आणि नेमकं तिथंच शरीराचं नुकसान होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या पोराला साधारण ५० ग्रॅम. अशा पातळ वरणातून त्यातलं फारसं काही पदरात पडत नाही. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. गावाहून निघताना जी आई भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी हातात देते, तिचं या पोषणशास्त्रातलं ज्ञान जिममध्ये भल्यामोठ्या पावडरीच्या डब्याची शिफारस करणाऱ्यांपेक्षा चोख आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद. रूममालकाने शेगडी, इंडक्शन, कॉइल सगळ्याला बंदी घातलेली असते. ‘चहापाण्यासाठी’ विजेची किटली तेवढी चालते. मग किटलीतच खिचडी. दुपारी भिजत घातलेली मूठभर मूगडाळ, दोन मुठी तांदूळ, हळद, मीठ. उकळी फुटली की वाफेने किटलीचं बटण उडतं. त्यावर पोरांनी तोड काढली: झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे वाफ त्या कळीपर्यंत पोचत नाही आणि किटली चालूच राहते. मात्र चमचा घेऊन शेजारी बसावं लागतं. नजर हटली की खिचडी उतू जाऊन खालच्या तबकडीवर, आणि तिथून खोलीभर वास. वर सोलापूरची शेंगाचटणी. किटलीतला हा स्वयंपाक धोक्याचा आहे, रूममालकाची भीती अगदीच खोटी नाही. पण दहा खोल्यांचं भाडं घेणाऱ्याने जिन्याखाली एक ओटा बांधून दिला असता तर ही वेळ आली नसती. मुलींनी वेगळी वाट काढलीय: चार पोळ्यांचा एकच डबा लावायचा, दोघींनी दोन-दोन घ्यायच्या, भात किटलीत.

गॅस घ्यावा म्हटलं तर पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पण त्याचा भाव घरगुती सिलिंडरचा नाही, बाजारभाव. बंगल्यातल्या स्वयंपाकघरापेक्षा कॉटवरच्या पोराला किलोमागे गॅस महाग पडतो.

सरकार काहीच देत नाही असं नाही. २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत राहणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार ठरले, त्यातला भोजन भत्ता ३२ हजार. महिन्याला २,६६७. पुढे इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने आधार योजना आली, तेव्हाही आकडा तोच, ३२ हजार. मधल्या सात वर्षांत तूरडाळीने काय केलं हे मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये जरी विचारलं असतं तरी कळलं असतं.

पण रकमेपेक्षा तारीख जास्त छळते. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती. रोख पैसे नकोत, ताट द्या, ही मागणी शहाण्या लोकांना विचित्र वाटली. त्यात विचित्र काही नव्हतं. मेसवाल्या काकू पाच तारखेला पुढच्या महिन्याचे पैसे मागतात, भत्त्याचा हप्ता मात्र वर्ष सरताना आला तरी नशीब. तोवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची वही, घरी डेअरीकडून दुधाचे पैसे आले की तिथून वळवलेले दोन हजार, आणि ज्याचा भत्ता आधी जमा झाला त्या रूममेटच्या फोनवरून केलेलं जीपे.