रात्री सरांना उठवायचं की नाही?

रुग्णालयाच्या आत : भाग ७

रात्रीचे तीन. मेडिसिनचा जनरल वॉर्ड भरलेला, दोन खाटांमधल्या जागेत खाली गाद्या टाकलेल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या साठीच्या बाईंना संध्याकाळपासून धाप आहे. ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन शहाऐंशीच्या वर जात नाही. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने नेब्युलायझेशन दिलं, लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं, रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं (एबीजी) सॅम्पल पाठवलं. रजिस्ट्रार मॅडम आयसीयूत दुसऱ्या पेशंटपाशी अडकल्यात. लेक्चररचा नंबर मोबाइलवर समोर आहे. अंगठा पुढे होतो आणि थांबतो. ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ असं ऐकावं लागलं तर?

तो फोन लागतो की नाही, हे त्या मुलाच्या धाडसावर फारसं अवलंबून नसतं. त्याच्या युनिटच्या प्रमुखाने गेल्या सहा महिन्यांत वॉर्डात कसं वातावरण ठेवलं, यावर ते ठरतं. मागच्या भागात निवासी डॉक्टरांचं काम आणि त्यांची ड्यूटी पाहिली. या भागात त्यांना घडवणारी माणसं येतात. युनिट प्रमुख, विभागप्रमुख, गाइड, अमेरिकेत प्रोग्रॅम डायरेक्टर. ही मंडळी एकाच वेळी पेशंटही सांभाळतात आणि उद्याचे डॉक्टरही. त्यांच्या कामातला सगळ्यात अवघड भाग लेक्चरहॉलमध्ये दिसत नाही. शिकणाऱ्यापासून नेमकं किती अंतरावर उभं राहायचं, हे रोज आणि प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं ठरवणं, हा तो भाग.

निवासी डॉक्टर घडवण्याच्या पद्धतीचं आजचं रूप घडलं ते अमेरिकेत, बाल्टिमोरला. १८८९ मध्ये तिथे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. त्याआधी पदवी मिळाली की बहुतेक डॉक्टर थेट कामाला लागत. पुढचं शिक्षण ज्याच्या त्याच्या नशिबावर. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक झाली. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. त्या फिलाडेल्फियात शिकत होत्या तेव्हा त्याच शहरात, पेनसिल्वेनिया विद्यापीठात, विल्यम ऑस्लर शिकवत होते. पण ते दार त्या काळी स्त्रियांना बंद होतं. पुढे हेच ऑस्लर हॉपकिन्सला मेडिसिनचे प्रमुख म्हणून गेले. तिथलं मेडिकल कॉलेज १८९३ मध्ये सुरू झालं तेव्हा मेरी गॅरेट या देणगीदार बाईंच्या अटीमुळे मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश मिळाला.

ऑस्लरांनी शिक्षण वर्गातून उचलून पेशंटच्या खाटेपाशी नेलं. नवे डॉक्टर हॉस्पिटलातच राहायचे, वर्षानुवर्षं. त्यांच्यावर थोड्या वरच्या डॉक्टरची नजर, त्याच्यावर आणखी वरच्याची, अशी उतरंड त्यांनी लावून दिली. हाताखालच्या निवडक तरुण डॉक्टरांना ते आपल्या घराच्या दाराची किल्लीही देत. रात्री कधीही यावं, ग्रंथसंग्रहात बसून वाचावं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत पुढे जगभर नाव झालेला हार्वी कुशिंग त्यांच्या शेजारी राहायचा आणि त्यालाही ही किल्ली मिळाली होती. वास्तविक तो ऑस्लरांच्या विभागातला नव्हताच, सर्जरीतला होता.

सर्जरीचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड स्वभावाने अगदी दुसऱ्या टोकाचे. भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना त्याचं व्यसन लागलं, मग मॉर्फिनचं. ते कमी बोलत, पुष्कळदा दिवसच्या दिवस येतच नसत, उन्हाळ्यात तर महिनोन्‌महिने गावाला. त्यामुळे बरंचसं काम रेसिडेंटच्याच हाती. त्यांची रचना शंकूसारखी निमुळती होती. खाली पुष्कळ जण घ्यायचे, वर जाताना गाळायचे आणि टोकाला एकच हाऊस सर्जन. किती वर्षं लागतील हे कुणीच सांगायचं नाही. तेहेतीस वर्षांत अशा टोकापर्यंत १७ जण पोचले. १९०४ मध्ये येल विद्यापीठात केलेल्या भाषणात त्यांनी सर्जन कसा घडवावा याचा आपला विचार मांडला आणि अमेरिकेतल्या सर्जरीच्या शिक्षणाने तो पुढे अनेक दशकं गिरवला. हॉल्स्टेडच्या हाताखाली थोर सर्जन तयार झाले यात शंका नाही. पण जे मध्येच गळाले, त्यांचा हिशेब त्या यशात कुणी धरला नाही. वरिष्ठ लांब राहिला तरी हुशार पोरगा शिकतोच, हा समज तिथूनच रुजला. आजही तो अनेक वॉर्डांतून ऐकू येतो.

या समजाला तडा गेला तो न्यूयॉर्कमध्ये. ४ मार्च १९८४ च्या रात्री लिबी झायन नावाची अठरा वर्षांची कॉलेजकन्या ताप आणि अस्वस्थपणा घेऊन न्यूयॉर्क हॉस्पिटलात दाखल झाली. ती नैराश्यासाठी फेनेलझिन घेत होती. तिला पेथिडीनचं इंजेक्शन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र आली तर जिवावर बेतू शकतं. तिला पाहणारे दोघेही रेसिडेंट होते, आणि पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे त्याच रात्री इतरही कितीतरी पेशंट होते. तगमग वाढली तेव्हा तिला बांधून ठेवण्याचा आदेश फोनवरूनच दिला गेला. ज्येष्ठ डॉक्टरांशीही बोलणं झालं ते फोनवर, ते घरी होते. पहाटे ताप १०७ अंशांवर गेला आणि ती दगावली.

तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते आणि त्यांनी हे प्रकरण सोडलं नाही. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवला नाही, बोट ठेवलं ते व्यवस्थेवर. मग न्यूयॉर्क राज्याने डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८९ मध्ये नियम लागू झाला. आठवड्याला ८० तास, सलग २४ तासांपेक्षा जास्त नाही. जगभर गाजले ते हे आकडे. त्याच नियमांत आणखी एक कलम होतं. अनुभवी डॉक्टरने रात्रंदिवस प्रत्यक्ष हॉस्पिटलात हजर राहून रेसिडेंटवर देखरेख करावी. बेल स्वतः पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले की खरा मुद्दा देखरेखीचा आहे, तासांचा त्यानंतर. लोकांना मात्र तासच लक्षात राहिले, कारण तास मोजता येतात.

तास महत्त्वाचे नाहीत असं नाही. २००४ मध्ये बोस्टनच्या एका अभ्यासात दिसलं, की आयसीयूतल्या इंटर्नांना, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना, सलग लांब ड्यूटी दिली तर त्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त होतात. झोप न झालेल्या माणसाच्या हाती पेशंट सोपवू नये. पण २००३ मध्ये अमेरिकेत देशभर ८० तासांची मर्यादा आली, २०११ मध्ये पहिल्या वर्षाला सलग १६ तासांची आली, आणि त्यानंतर सर्जरी व मेडिसिनच्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये मोठे तुलनात्मक अभ्यास झाले. कडक तास आणि लवचीक तास यांत पेशंटच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक सापडला नाही. १६ तासांची मर्यादा २०१७ मध्ये मागे घेतली गेली. ड्यूटी लहान केली की पेशंट जास्त वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्या देवघेवीत माहिती गळते.

तिथे शिक्षकाची गरज लागते. २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांत ड्यूटी सोपवताना काय, कोणत्या क्रमाने सांगायचं याची ठरीव पद्धत घालून दिली गेली. पेशंट किती गंभीर आहे, थोडक्यात काय घडलंय, काय करायचं राहिलंय, रात्री काय बिघडू शकतं, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. ज्येष्ठ डॉक्टर शेजारी उभं राहून हे सोपवणं ऐकत आणि लगेच दुरुस्त करत. चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी. एकही नवं औषध नाही, एकही नवं यंत्र नाही.

अमेरिकेत हे सगळं पाहणं प्रोग्रॅम डायरेक्टरच्या अंगावर असतं. तो स्वतः पेशंट पाहणारा डॉक्टर असतो, पण या कामासाठी त्याच्या आठवड्यातला ठरावीक वेळ राखून ठेवावा असा मान्यता देणाऱ्या मंडळाचाच नियम आहे. त्याच्या हाताखाली सहायक डायरेक्टर, शिकवणारे डॉक्टर, आणि चीफ रेसिडेंट, जो मेडिसिनसारख्या शाखांत शिक्षण संपवून एक वर्ष जास्त थांबलेला असतो. वर्षातून दोनदा समिती बसते आणि एकेका रेसिडेंटची प्रगती पायरीपायरीने तपासते. उलट दिशेनेही तपासणी होते. दरवर्षी रेसिडेंट नाव न देता मंडळाची प्रश्नावली भरतात, तास पाळले जातात का, वरिष्ठ उपलब्ध असतात का, तक्रार केली तर त्रास होतो का. उत्तरं वाईट आली तर प्रोग्रॅमच्या मान्यतेला धोका. उमेदवारांची मुलाखत घेऊन पसंतीक्रम लावण्यातही डायरेक्टरचा शब्द असतो, त्यामुळे जो रेसिडेंट येतो त्याच्या यशापयशाची जबाबदारी त्याला झटकता येत नाही.

आपल्याकडे नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेचा रँक आणि कौन्सेलिंग ठरवेल तो विद्यार्थी विभागात येतो. प्रमुखाला निवड नसते. एका अर्थी हे चांगलंच, ओळखीपाळखीला जागा राहत नाही. पण प्रमुखासाठी राखीव वेळही नसतो. ओपीडी, ऑपरेशनची यादी, एमबीबीएसच्या परीक्षा, राष्ट्रीय वैद्यक आयोगाची (एनएमसी) तपासणी, कोर्टाचे समन्स, औषधखरेदीच्या बैठका, आणि यातून उरलेल्या वेळात तीन-चार जणांचे थीसिस.

तरीही मुंबईच्या सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तम डॉक्टर दिले, ते युनिटच्या पद्धतीमुळे. जेजे, केईएम, सायन, नायर इथे डॉक्टरची ओळख विभागापेक्षा युनिटने सांगितली जाते, कारण ठरलेल्या इमर्जन्सीच्या दिवशी दाखल झालेला पेशंट घरी जाईपर्यंत त्याच युनिटचा. पूर्वी शहरातले नावाजलेले कन्सल्टंट मानद डॉक्टर म्हणून सकाळी वॉर्डात येत, राउंड घेत, शिकवत आणि मग आपल्या दवाखान्यात जात. केईएममध्ये आयुष्य काढलेल्या डॉ. रवी बापट यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ ठेवलं. सर्जन स्वतःला वॉर्डाच्या नंबरने ओळखतो, ही या पद्धतीची खरी ताकद आहे. तिच्यात एक धोकाही आहे. युनिट प्रमुख चांगला, तर सगळं चांगलं. तो चिडका, गैरहजर किंवा अपमान करणारा निघाला, तर त्याच्या हाताखालच्या मुलांना तीन वर्षं दुसरा वाली नाही.

चांगला शिक्षक वॉर्डात करतो तरी काय? इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा राउंड पाहावा. रात्रभर जागलेली पोरगी केस सांगते, ‘मॅडम, पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ, दोन दिवस ताप, काल रात्री गोंधळल्यासारखे बोलत होते.’

‘तुला काय वाटतंय?’

‘मॅडम, मेनिंजायटिस असेल.’

‘कशावरून? आणि काय विसंगत वाटतंय?’

ती मानेचा ताठरपणा सांगते, मग थांबते. मॅडम घाई करत नाहीत. ‘साखर बघितलीस का?’ बघितली होती. ‘छान. लंबर पंक्चरच्या आधी फंडस पाहिलास, हे मला आवडलं. पण अँटिबायोटिकचा पहिला डोस रिपोर्टसाठी दोन तास थांबला, तो थांबायला नको होता. पुढच्या वेळी आधी डोस.’ दोन मिनिटांत संपलं. आधी मत द्यायला लावणं, मग कारण विचारणं, जे बरोबर ते नाव घेऊन सांगणं, जे चुकलं ते तिथेच सांगणं. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये हेच पाच छोट्या कौशल्यांत बांधून छापलं आणि आज ते शिक्षकांच्या कार्यशाळांत शिकवलं जातं. आपल्याकडचे कितीतरी युनिट प्रमुख कुठलीही कार्यशाळा न करता हे करत आले.

किती सोपवायचं, याचीही आता भाषा तयार झाली आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे ओले टेन केट यांनी २००५ मध्ये सुचवलं, की रेसिडेंटला गुण देण्याऐवजी एकेक काम घ्यावं आणि विचारावं, हे काम याच्यावर कितपत सोपवता येईल? शिक्षक शेजारी असताना, शिक्षक पलीकडच्या खोलीत असताना, की शिक्षक घरी असताना? लिबी झायनच्या रात्री हाच प्रश्न कुणी विचारला नव्हता.

भारतात तासांबद्दल कागद कमी नाहीत. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांची मर्यादा होती. २०२३ च्या एनएमसीच्या नियमांत ‘वाजवी तास’ आणि आठवड्याची सुट्टी आहे. २०२४ मध्ये एनएमसीच्याच मानसिक आरोग्य कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपांतून तास, विद्यावेतन, सुरक्षा यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले. रात्री वॉर्डात कोण वरिष्ठ हजर असतो आणि त्याला हाक मारणं किती सोपं आहे, याची नोंद ठेवून ती जाहीर करण्याची मागणी त्या मानाने क्वचितच ऐकू येते. ती व्हायला हवी. ती पेशंटच्या नातेवाइकांनीही करायला हवी, कारण रात्री तीनला पणाला लागतो तो त्यांच्या माणसाचा जीव.

नव्या नियमांनी शिक्षकांचं वर्तुळ आता मेडिकल कॉलेजच्या बाहेर नेलं आहे. जिल्हा रेसिडेन्सी कार्यक्रमात एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी वर्षानुवर्षं एकट्याने वॉर्ड ओढणारे डॉक्टर त्यामुळे अचानक शिक्षक झाले आहेत. त्यांच्याकडे थीसिसचा अनुभव नसेल, पण प्रसूतीतला रक्तस्राव, साप चावलेला पेशंट, रेफर करायला शंभर किलोमीटरवर हॉस्पिटल, हे सगळं त्यांनी स्वतः निभावलं आहे. त्यांना शिकवण्यासाठी वेगळा वेळ आणि त्याचा मोबदला मिळतो का, त्यांच्या शेऱ्याला परीक्षेत वजन मिळतं का, यावर त्या तीन महिन्यांत मुलं काय शिकतात हे ठरेल. पुढच्या भागात अशाच एका जिल्हा रुग्णालयाची रचना, सिव्हिल सर्जनपासून रात्रपाळीच्या नर्सपर्यंत.