खुश्कीने आफ्रिकेच्या दक्षिणेत

केपटाउनहून नामिबिया, बोत्स्वाना, झांबिया असे खुश्कीने जावयाचे, तर सामानाआधी कागदपत्रे पाहावीत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. सीमेवर एकाचा परवाना अडला, की सारी गाडी उन्हात खोळंबते. शिक्के पारपत्राची पाने भराभर खातात. कोरी पाने मोजूनच निघावे. रँड नामिबियात बरोबरीने चालतो. नामिबियाचा डॉलर मात्र पलीकडे सहसा कोणी घेत नाही.

खरी गोम शिदोरीची. गुरांच्या लाळ-खुरकुताच्या भीतीने बोत्स्वानाने लांबच लांब कुंपणे घातली आहेत. तेथील नाक्यांवर कच्चे मांस काढून घेतात, जोडेही जंतुनाशकात बुडवावयास लावतात. आपल्या शाकाहारी मंडळींची येथे तरी सरशी! काझुंगुलाला झांबेझीवर २०२१ पासून पूल आहे, म्हणून तराफ्याची ताटकळ संपली.

जून-जुलैत तेथे हिवाळा. कलहारीत रात्री पारा शून्याखालीही जातो. आफ्रिका म्हणजे उकाडा, असे समजून गेलेला तंबूत कुडकुडतो. उत्तरेस ओकावांगो, चोबे, व्हिक्टोरिया धबधबा या भागात हिवतापाचे भय. त्याच्या गोळ्या आधीपासून घ्याव्या लागतात आणि तो प्रदेश सोडल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. घरी पोचल्यावर त्या सोडणारे बरेच. पुढे ताप आलाच, तर डॉक्टरांना प्रथम आफ्रिकेचे सांगावे आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावे.