विश्लेषण : घर नको, वॉर्डही नको! मानसिक संकटात चार दिवस राहायचे कुठे?

तळोजा फेज-२ मधला दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा चार रात्री झोपलेला नाही, त्यामुळे आई-वडीलही नाहीत. घरात त्याचा जीव घुसमटतो आणि ‘ठाण्याला नेऊ’ म्हटले की तो दार लावून घेतो. अशी वेळ अनेक घरांवर येते. घर आणि मनोरुग्णालय यांच्या मधली पायरी म्हणजे ‘रेस्पाइट केअर’, म्हणजेच काही दिवसांचा विसावा.

विसावा म्हणजे नेमके काय?

साधे घर, मोजक्या खोल्या आणि रात्री-अपरात्री बोलायला जागे असलेले कुणीतरी. कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये ‘सोटेरिया’ हे असे घर सुरू झाले. ब्रिटनमध्ये ‘क्रायसिस हाउस’ आहेत.

आपल्या कायद्यात ते आहे का?

अर्धेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये ‘हाफ-वे होम’ आहे. पण २०१८ च्या नियमांनुसार ते रुग्णालयातून घरी सोडलेल्यांसाठी, ऐन संकटातल्यांसाठी नव्हे. रायगड जिल्ह्यातच कर्जतला मॅगसेसे पुरस्कारविजेते डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था आहे. तिचे काम रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्णांसाठी. घर असलेला माणूस या दोन्हींत बसत नाही.

मग आज रात्री काय करायचे?

उरतो तो वॉर्डच. पण ‘एकदा आत गेला की सुटका नाही’ ही भीती आता जुनी झाली. सज्ञान रुग्ण कलम ८६ नुसार स्वतःहून दाखल होऊ शकतो आणि स्वतःहून बाहेरही पडू शकतो. धोका वाटल्यास डॉक्टर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. जिवाला धोका असेल तर कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. त्यासाठी मनोरुग्णालयच लागते असे नाही. नातेवाइकांच्या अर्जावरचा दाखला (कलम ८९) सुरुवातीला ३० दिवसांपुरताच असतो, आणि तो अर्ज रुग्णाच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ने करायचा असतो.

तळोज्याहून कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय जवळ आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. कुठे जावे हेच सुचत नसेल तर ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा, सेवा मोफत, २४ तास, मराठीतही. जीव धोक्यात असेल तर थेट ११२.

प्रतिनिधी नेमायला वकील किंवा स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर नाव आणि रुग्णाची सही किंवा अंगठा पुरतो. मात्र हा कागद रुग्ण शांत असतानाच करून ठेवायला हवा.