नारिताहून टोकियोत: पहिल्या जपानवारीत फोन कुठे चालतो, कुठे अडतो

अमरावती-अकोल्याच्या पोरांना टोकियो आता तेवढं दूर राहिलेलं नाही. कुणी आयटी कंपनीच्या प्रोजेक्टवर जातं, कुणी जपानी भाषा शिकून नोकरीसाठी, तर कुणी नुसतं फिरायला. एप्रिल 2025मध्ये बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, आणि अकोलेकरांसाठी अंबा एक्सप्रेस आहेच. मुंबईहून पुढे नारिताला थेट विमान आहे.

खरी गडबड होते ती नारिताला उतरल्यावर. हे विमानतळ टोकियो शहरात नाहीच, ते शेजारच्या चिबा प्रांतात साधारण 60 किलोमीटरवर आहे. म्हणजे अकोल्याहून बडनेऱ्याकडे निघालात आणि मूर्तिजापूरही मागे टाकलं, एवढं अंतर. टॅक्सी केली तर 20 हजार येनच्या वर बिल होऊ शकतं. 100 येन म्हणजे 55-60 रुपये धरले, तर अकरा-बारा हजार रुपये पहिल्याच तासात गेले. तोच प्रवास रेल्वेनं हजार रुपयांच्या आत होतो. फक्त त्यासाठी थोडी तयारी घरूनच करावी लागते. ती कशी, ते बघूया.

1. कुठे स्क्रीनशॉट चालतो आणि कुठे नाही

'व्हिजिट जपान वेब' ही जपान सरकारची वेबसाइट आहे. इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती त्यात आधीच भरली की एक क्यूआर कोड मिळतो. हे काम घरी बसून करा आणि त्या कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ई-व्हिसाचं मात्र उलट आहे. भारतीयांना पर्यटनासाठी 1 एप्रिल 2024पासून ई-व्हिसा मिळतो, आणि तो विमानतळावर स्वतःच्या फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, थेट वेबसाइट उघडून दाखवावा लागतो. पीडीएफ, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून लॉगिनचा पासवर्ड पाठ असू द्या आणि फोन चार्ज असू द्या. नारिताला मोफत वाय-फाय आहे, त्यावर हे काम होतं.

2. ई-सिम घेतलं तरी आपलं सिम बंद करू नका

डेटासाठी ई-सिम सोपं पडतं, पण बजेटमधल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ई-सिमची सोय नसते. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'अॅड ई-सिम' असा पर्याय दिसतो का, ते आधी बघा. नसेल तर विमानतळावर साधं सिम विकत मिळतं.

दुसरी गोष्ट बँकेच्या ओटीपीची. तो आपल्या भारतातल्या नंबरवरच येणार. त्या सिमचं रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या, मात्र त्याचा मोबाइल डेटा बंद ठेवा. एसएमएस येत राहतील आणि डेटाचं बिलही फुगणार नाही.

3. फोन टॅप करून गेट उघडेल का?

जपानमध्ये रेल्वे, मेट्रो आणि बसला सुइका किंवा पासमो कार्ड चालतं. कार्डात पैसे भरायचे, आत जाताना टॅप, बाहेर पडताना टॅप, भाडं आपोआप कापलं जातं. हेच कार्ड फोनमध्येही घेता येतं असं तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. ते खरं आहे, पण तुमच्या फोनमध्ये ते चालेलच असं नाही.

काऊन? कारण एनएफसी म्हटलं तरी त्यात प्रकार आहेत. आपली बँक कार्डं आणि मेट्रोची कार्डं टाइप ए किंवा बी पद्धतीनं बोलतात. सुइका चालतं सोनी कंपनीच्या फेलिका तंत्रावर, त्याला टाइप एफ म्हणतात. रेडिओ लहरी तिन्हींच्या सारख्याच, 13.56 मेगाहर्ट्झ, बोलण्याची भाषा वेगळी. 2001मध्ये सुइका आलं तेव्हा टोकियोच्या गर्दीत एका गेटमधून मिनिटाला 60 माणसं जावीत, अशी गरज होती. म्हणजे कार्ड वाचून, भाडं कापून, नवीन शिल्लक लिहून गेट उघडायला फार तर 0.2 सेकंद. फेलिका त्या वेगासाठी निवडलं गेलं.

फोनमध्ये सुइका ठेवायचं तर फेलिकाच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षित चिप लागते, आणि ती वापरायची परवानगीही लागते. आयफोन 8 आणि त्यानंतरचे आयफोन कुठेही घेतलेले असोत, त्यात ही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये ती फक्त जपानी बाजारासाठी बनवलेल्या फोनमध्ये मिळते. भारतात घेतलेला महागातला अँड्रॉइडही गेटवर सुइका म्हणून चालणार नाही. कोणतंही अॅप टाकून हे जमत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

मग करायचं काय? विमानतळाच्या रेल्वे स्टेशनवर 'वेलकम सुइका' हे पर्यटकांचं प्लास्टिक कार्ड घ्या. त्याला डिपॉझिट नाही आणि ते 28 दिवस चालतं. उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून एकदम जास्त भरू नका. मशीनला रोख येन लागतात, कार्डावर विसंबून राहू नका. जास्त दिवस राहणार असाल तर 500 येन डिपॉझिटचं साधं सुइका बरं.

आयफोनवाल्यांनी वॉलेटमध्ये सुइका घरूनच तयार करून बघावं. भारतातल्या बँक कार्डानं पैसे भरताना अडचण आली तरी हरकत नाही. तिथे सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएमवर रोख येन देऊन फोनमधलं सुइका भरता येतं.

अँड्रॉइडवाल्यांसाठीही एक सोय आहे. फोनमध्ये एनएफसी असेल तर कार्ड वाचणाऱ्या अॅपनं प्लास्टिक सुइकातली शिल्लक दिसते. शिल्लक बघायला गुप्त किल्ली लागत नाही, पैसे कापायला लागते.

4. आता प्रत्यक्ष रस्ता

उदाहरण म्हणून निशी-कसाई घेऊ. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय वस्तीसाठी ओळखला जातो आणि आयटीतल्या बऱ्याच जणांचा पहिला पत्ता तिथलाच असतो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक 2019मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले.

• नारिताला तळमजल्याखालच्या स्टेशनवर उतरा. टर्मिनल 1खालचं स्टेशन हे शेवटचं, गाडी तिथूनच सुटते, म्हणून जागा मिळायची शक्यता जास्त.
• केइसेई कंपनीची 'अॅक्सेस एक्सप्रेस' पकडा. तिला सुइका पुरतं, वेगळं आरक्षण लागत नाही.
• पाटीवर बऱ्याचदा 'हानेडा एअरपोर्ट' लिहिलेलं असतं. गडबडू नका. ही गाडी पुढे आसाकुसा मेट्रो मार्गावरून शहर ओलांडून दुसऱ्या विमानतळाला जाते.
• साधारण सव्वा तासात निहोनबाशी येतं, क्रमांक ए13. तिथे उतरा. इथे मेट्रोची कंपनी बदलते, त्यामुळे एकदा बाहेर टॅप आणि पुन्हा आत टॅप करावं लागतं.
• आता तोझाई मार्ग. निहोनबाशी तिथे टी10 आहे, निशी-कसाई टी16. म्हणजे आकडे वाढत जाणाऱ्या दिशेचा प्लॅटफॉर्म. जपानी अक्षर वाचता आलं नाही तरी या आकड्यांवर काम भागतं.
• पाटीवर 'रॅपिड' असेल तर ती गाडी सोडा. ती टी14 नंतर थेट टी18ला थांबते. कुरूमला उतरायचं आणि सुपरफास्टमध्ये बसायचं, तसं होईल. 'लोकल'मध्येच चढा.

सगळं मिळून दीड तासाच्या आसपास आणि साधारण 1,500 ते 1,700 येन.

दिल्लीमार्गे जाणाऱ्यांचं विमान बहुतेक वेळा हानेडाला उतरतं. ते शहराला लागूनच आहे. तिथून केइक्यू कंपनीची आसाकुसा मार्गावर जाणारी गाडी पकडली की निहोनबाशी अर्ध्या तासाच्या आसपास येतं. पुढचा रस्ता तोच.

5. घाई असेल किंवा सामान जास्त असेल तर

स्कायलायनर नारिताच्या टर्मिनल 2-3 स्टेशनहून निप्पोरीला 36 मिनिटांत पोचवते, ताशी 160 किलोमीटरपर्यंत पळते. नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशनला तासाभरात नेते. पण या दोन्हींना वेगळं आरक्षित तिकीट लागतं, नुसतं सुइका टॅप करून बसता येत नाही. टोकियो स्टेशनला साधारण 1,500 येनमध्ये बसही जाते, आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर ती बरी पडते. रात्री उशिरा उतरणार असाल तर आधीच विचार करा, कारण अकराच्या सुमारास गाड्या आटपत येतात.

6. निघायच्या आदल्या दिवशी एवढं तपासा

• बँकेच्या अॅपमध्ये डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू केला का? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर तो सुरुवातीला बंदच असतो.
• 10 हजार येन रोख जवळ आहेत का? युपीआयच्या भरवशावर विमानात बसू नका.
• रस्त्याचे स्क्रीनशॉट गॅलरीत आहेत का? ऑफलाइन नकाशात गाड्यांच्या वेळा मिळत नाहीत.
• राहायचा पत्ता जपानी अक्षरांत सेव्ह आहे का? रस्ता चुकलात तर तो कुणालाही दाखवता येतो.
• पॉवर बँक हातातल्या बॅगेत आहे का? चेक-इन सामानात ती चालत नाही.

ही तयारी झाली असेल तर विमानतळावरून निघाल्यावर दोन तास नेट मिळालं नाही तरी तुमचं अडत नाही: खिशात येन, हातात कार्ड आणि गॅलरीत स्टेशनचे आकडे. निशी-कसाईला उतरल्यावर घरी फोन लावा. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे तुमची दुपार झाली असेल तेव्हा घरचे सकाळचा चहा घेत असतील.